बुडाखालची खूण

जोहे, २३ जून १९९६

गार्डसाहेब,

तुमचं कार्ड मिळालं. "खुशाल आहे. हवा बरी आहे. काळजी नसावी." कार्ड उलटून बघितलं, पुन्हा सुलटं केलं, म्हटलं एखादा शब्द कोपऱ्यात दडून बसला असेल. नव्हता. रोहा-पेण एस.टी.च्या तिकिटावर याहून जास्त मजकूर असतो. आलापल्लीत शाई महाग आहे का हो?

मी आता जोह्याला आहे, आईकडे. रोहा-अष्टमीची खोली सोडली. एकटीनं तिथे राहून काय करू? पुलावरून कुणी सायकल मारत आलं की माझी मान वर व्हायची आणि दर वेळी दुसराच कुणी निघायचा. शेवटी मानच दुखायला लागली. भाऊच तो, काळूदादानं टेंपो आणला, सामान भरलं. घरमालकीण परसात उभी राहून विचारत होती, "ती जाली काढून नेतंस का गो? कासवा तर गेली." मी म्हटलं, राहू द्या. तुम्ही बांधलेली जाळी माझ्यानं सोडवेना.

सगळ्यांना वाटतं मी तुमच्यावर रागावले आहे. आहेच. फॉरेस्टच्या नाक्यावरून रोज काय काय जातं, बाकीचे डोळे मिटून चहा पितात, आणि तुम्हाला तेवढं त्या टेंपोतल्या कांद्याच्या गोण्यांखाली काय आहे ते बघायचं होतं. बघितलंत. गोणपाटात कोंबलेली, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेली कासवं. ऑफिसात जागा नाही, तात्पुरती तुमच्या परसात ठेवा म्हणाले. त्या तात्पुरत्याचा अख्खा उन्हाळा झाला. अष्टमीतल्या बायका म्हणायच्या, घरात पोर नाही म्हणून हिनं कासवं मांडीवर घेतलीत. म्हणू देत. काकडी खाताना त्यांची तोंडं बघितली असती तर त्यांनीही घेतली असती.

आणि ती खूण आठवते? कुणी एखादं पळवलं तर ओळखायचं कसं, म्हणून मी आमच्या गणपतीच्या कारखान्यातली युक्ती केली. आमच्याकडे गिऱ्हाईक गणपती सांगून गेलं की त्याच्या नावाचं अक्षर मूर्तीच्या बुडाखाली पोकळीत लिहायचं, जिथे घासलं जाणार नाही. तसं मी एकेक कासव उलटं करून शेपटीकडच्या खळग्यात लाल ऑइलपेंटनं "हि" लिहिलं. तुम्ही विचारलंत, हे काय? मी म्हटलं, गिऱ्हाईक कोण यांचं? तुम्हीच ना? नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, कासवाच्या पोटावर लिहायला कुणी बंदी केलीय? तेव्हा तुम्ही जे हसलात, तसं मी तुम्हाला नंतर हसताना बघितलं नाही.

मग मे महिन्यात फिरत्या पथकाचे हैबतराव साहेब जीप घेऊन आले. कासवं मुंबईच्या बागेत पोचवतो म्हणाले आणि भरून घेऊन गेले. तुम्ही पावती मागितलीत. पावती आली नाही, बदली आली, थेट आलापल्लीला.

यंदा धोंड्याचा महिना. आईनं जावयासाठी अनारसे केले. मी म्हटलं, जावई आहे कुठे? तर म्हणाली, "जावय नाय म्हनून अनारसे करू नको? जिते हाय तिते खाल." पार्सलानं पाठवलेत. पोचेपर्यंत भुगा झाला तर चमच्यानं खा, पण खा.

तुम्ही पहिल्या कार्डात नदीचं लिहिलं होतं. तिथली माती कशी आहे? चिकण की वाळूची? सहज विचारते.

दाराकडे बघत बसलेली,
इंदू


जोहे, १४ जुलै १९९६

गार्डसाहेब,

अनारसे "पोचले". बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी समजले असते की वाटेत उडून गेले.

इथे आता श्वास घ्यायला उसंत नाही असं काम चाललंय. अंगणात मूर्ती, ओटीवर मूर्ती, माझ्या अंथरुणाच्या उशाशीसुद्धा चार गणपती रांगेनं उभे. काळूदादानं डोळ्यांची आखणी माझ्याकडे दिलीय. लहानपणी शिकलेलं हात विसरत नाही. सकाळचा उजेड आला की ओटीवर बसते, बारीक ब्रश घेते आणि डोळे उघडत जाते. काळूदादा म्हणतो, "इंदू, यंदाचे सगले गनपती दाराकडंच बगतान." बघू देत. जो डोळे काढतो त्याचं मन डोळ्यांत उतरतंच.

पाकिटावर पत्ता लिहिताना मात्र अजून लाज वाटते. तुमचं अख्खं नाव, वडिलांसकट. लिहिते, आणि आई बघत नाही ना ते बघते.

परवा एक गिऱ्हाईक जीपमधून आलं. मोठा सिंहासनावरचा गणपती सांगून गेलं. बाकी विशेष नाही.

एक विचारू? समजा, तुम्हाला काही न करता, कुठे न वाकता, एक अक्षर न लिहिता परत यायला मिळालं, तर याल ना? नुसतं समजा. परसात जाळी नसेल, काही नसेल. संध्याकाळी तुम्ही सायकल भिंतीला लावाल आणि मी चहा टाकीन, एवढंच. मला एवढंच हवंय. देवाकडे यापेक्षा मोठं काही मागायची माझी ऐपतच नाही.

मातीचं उत्तर राहिलं.

इंदू


जोहे, ११ ऑगस्ट १९९६

गार्डसाहेब,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गिळली. ते जीपमधलं गिऱ्हाईक म्हणजे हैबतराव साहेब.

ओटीवर बसले, चहा घेतला, कपाला नावं ठेवली नाहीत. जिते गावाकडे कुणा शेठचं फार्महाऊस आहे, त्यांच्यासाठी गणपती सांगितला. आणि मग म्हणाले, "वहिनी, तुमचे मिस्टर सरळ माणूस. फार सरळ. रानात सरळ झाडच आधी तोडतात, हे फॉरेस्टवाल्याला मी सांगायला हवं?"

तुम्ही नागपूरच्या मोठ्या ऑफिसला वर लिहिलंत, त्याचा कागद फिरून त्यांच्याकडे आलाय. कासवं कुठे आहेत म्हणून विचारणा झालीय. साहेब म्हणाले, कासवं कोरड्या मुलखातली, कोकणची दमट हवा त्यांना सोसली नाही. आपल्या परसात मेली, मी स्वतः पुरली, असा जबाब मी द्यायचा. "तुमच्या नवऱ्याची सही नकोच. त्याला कळवायचीही गरज नाही. तुमची पुरे. दिवाळीला तो घरी."

मी विचारलं, "मेली कवा? तुमी तर जिती नेलीत."

ते हसले. वाईट हसले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "वहिनी, कागदावर हो."

तुमच्या परतीच्या बदलीची ऑर्डर त्यांनी मला दाखवली. टाइप केलेली, तुमच्या नावाची, खाली फक्त साहेबांच्या साहेबांची सही राहिलेली. खोटं सांगत नाही, मी त्या कागदाचा वास घेतला. जबाबाचा कागद ठेवून गेलेत. तो मी शेल्फवर गणपतीच्या मागे ठेवलाय.

आईचं एकच चाललंय. "सही कर नि आन त्याला. कासवा काय आपली सोयरी हायत?" काळूदादा नुसती मान हलवतो, तीही आईच्याच बाजूनं.

आता तुम्ही रागावून दोन ओळी लिहाल. त्याआधी माझं ऐका. कासवं गेली ती गेली. कदाचित खरंच मेली असतील, कुणी सांगावं? मेलेल्यांना मेली म्हणायला मला पाप का लागावं? तुम्ही नाक्यावर खरं वागलात त्याचं फळ काय, तर तुम्ही राज्याच्या त्या टोकाला आणि मी या टोकाला. हैबतराव आपल्या जागी आहेत, टेंपोवाला आपल्या जागी आहे, हललो ते आपण दोघं. मग एकदा मी खोटं वागले तर बिघडलं कुठे? तुमच्या अंगाला डाग लागत नाही. लागला तर माझ्या लागेल, आणि माझ्या अंगावर तसेही रोज रंग असतात.

मी त्यांना सांगितलंय, गणपती झाल्यावर बघू. पेणमध्ये हे कारण कुणालाही पटतं, हैबतरावांनाही पटलं.

तुम्ही काय म्हणता ते या वेळी जरा सविस्तर लिहा. पाया पडते.

तुमची,
इंदू


जोहे, ३ सप्टेंबर १९९६

हिंमतराव,

हो, आज गार्डसाहेब नाही, हिंमतरावच म्हणणार; एक सल्ला द्यायची हिंमत झाली नाही ना! "तुझ्या मनाला येईल ते कर." हे उत्तर? एवढं लांब पत्र मी तुम्हाला लिहिलं, हाताला पेटके येईपर्यंत, आणि तुम्ही माझं मन माझ्याच पदरात टाकून मोकळे! माझ्या मनाला काय येतं ते तुम्हाला ठाऊक नाही? माझ्या मनाला तुम्ही येता. सकाळी येता, भाकरी थापताना येता, डोळे आखताना येता. परवा त्यापायी एका गणपतीची बुबुळं मधोमध यायच्या ऐवजी जरा खाली उतरली, कुणाची तरी वाट बघून थकल्यासारखी. काळूदादानं पुसून पुन्हा काढायला लावली.

लिहायला वेळ नाही. गिऱ्हाइकांची अक्षरं टाकायची आहेत, पेंढा भरायचा आहे, टेंपोवाले आतापासून दारात उभे आहेत. रागात लिहिलंय, रागातच पाठवते, नंतर थंड झाले तर पाठवणार नाही.

कागद अजून शेल्फवर आहे. सहीची जागा कोरीच आहे.

इंदू


जोहे, २२ सप्टेंबर १९९६

अहो,

गौरी गेल्या. घर मोकळं झालं. आज बसून सगळं नीट सांगते. पाणी पिऊन मग वाचा.

चूक माझी झाली. हैबतरावांच्या गणपतीखाली "है" लिहायचं होतं. मी "हि" लिहिलं. दोन मात्रांच्या जागी एक वेलांटी. का, ते तुम्हाला सांगायला नको, हाताला वळणच ते पडलंय. त्यात वडखळच्या हिराजीनानांचाही गणपती होता, त्याच्याखालीही "हि". हिराजीनानांची माणसं आधी आली, खाली अक्षर बघितलं आणि सिंहासनावरचा थोरला उचलून वाजतगाजत घेऊन गेली. हैबतरावांच्या शेठकडे नानांचा हातभर गणपती गेला.

तिथून फोन आला तो शिव्यांनीच सुरू झाला. काळूदादा वडखळला धावला. नाना ऐकतात होय? "गनपती सोताच्या पायानं मोटा होऊन माज्या घरी आला, आता परत नाय दयाचा!" त्यांचं बरोबर आहे. मखरात बसलेल्या देवाला उठ कोण म्हणणार?

शेवटी एक मोठी मूर्ती शिल्लक होती, रंग झालेली, पण डोळे राहिलेली. उद्यावर चतुर्थी. काळूदादा म्हणाला, तूच चल, आखणी तिथेच कर. म्हणून मी ब्रश, रंगाच्या वाट्या घेऊन टेंपोत बसले आणि जित्याला गेले. देवाला आंधळा घेऊन जायची ही पहिलीच वेळ. वाटभर त्याच्याकडे बघायची मला चोरी.

शेठ घरी नव्हते, बाई होत्या. व्हरांड्यात उजेड चांगला होता. डावा डोळा काढला. तेवढ्यात बाईंनी चहा आणला, म्हणाल्या जरा बसा. मी पाय मोकळे करायला मागच्या बाजूला गेले. तिथे सिमेंटचं कुंपण घातलेला चौकोन, आत हिरवळ, आणि हिरवळीवर कासवं. पाठीवर चांदण्यांची.

मला वाटलं असतील दुसरी. जगात कासवं काय आपलीच आहेत? पण तुम्हाला आमची खोड ठाऊक आहे. पेणचं माणूस हातात काहीही घेतलं की आधी बूड बघतं, मग ती मूर्ती असो, कपबशी असो, नाहीतर बाजारातला माठ. मी वाकले, जवळचं एक उचललं आणि उलटं केलं.

"हि."

लाल. जरा फिकट, पण माझीच वेलांटी, डावीकडे किंचित झुकलेली. ते बिचारं हवेत पाय मारत होतं. मी दुसरं उलटं केलं. त्याच्यावरही तुम्हीच. मला रडू फुटलं. कशाचं, सांगू? आनंदाचं. आधी आनंदच झाला, बाकी सगळं नंतर सुचलं. इतक्या महिन्यांनी तुमच्या घरचं कुणीतरी भेटलं असं वाटलं.

बाई मागे येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "छान आहेत ना? हैबतरावांनी दिली. कासव म्हणजे लक्ष्मी. पुष्कळ होती, बाकीची पुढे गेली बाहेरदेशी, ही एवढी शोभेला ठेवून घेतली आम्ही."

पुढे गेली. कशी गेली असतील? पुन्हा गोणपाटातच ना?

मी कासव खाली ठेवलं, हात धुतले आणि आत जाऊन उजवा डोळा काढला. काळूदादाला परतताना टेंपोत सांगितलं. तो म्हणाला, "आपून काय बगलाच नाय, इंदू. गप ऱ्हा. दिवाली जवल हाय."

आता तुम्हाला वाटेल, मी आल्या आल्या तो कागद फाडला असेल. नाही फाडला. कासवं जिवंत आहेत हे माझ्या या डोळ्यांनी बघूनसुद्धा मला सही करावीशी वाटते. तुम्ही दिवाळीला घरी येता, आणि कासवं तिथे हिरवळीवर काकडी खातात, कुणाचं काय वाईट झालं? असं मी आईला म्हणाले. आणि म्हणता म्हणता मला ऐकू आलं की हे मी हैबतरावांच्याच आवाजात बोलतेय.

पण तुम्ही याल तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे कशी बघू, तेही कळत नाही. मी तुम्हाला कधी सांगणारच नाही असं म्हणावं, तर सांगून बसले. हे बघा, लिहिलंच. तुम्ही इथे हवे होता. सल्ला द्यायला नाही, तुमचा सल्ला कार्डाएवढाच. नुसते शेजारी बसायला.

इंदू


जोहे, १३ ऑक्टोबर १९९६

अहो,

तुमची तब्येत बरी आहे ना? आधी तेवढं कळवा. का विचारते ते पुढे सांगते.

नागपूरहून चौकशीचे साहेब आले. पेणला विश्रामगृहात उतरले. मला बोलावणं आलं. म्हातारे, अंगानं किरकोळ, चष्म्याला दोरा बांधलेला. व्हरांड्यात हैबतराव बसले होते, मांडीवर फाइल. मला बघून फाइल जराशी उघडली आणि ऑर्डर दाखवली. सही झालेली होती. खाली शिक्का, निळ्या शाईचा. मी तिथे थांबले असते तर संपलेच असते, म्हणून भरभर आत गेले.

साहेबांनी विचारलं, "कासवं तुमच्या परसात होती?"

म्हटलं, "व्हय."

"मेली?"

मी पिशवीतून जबाबाचा कागद काढला. त्याच्या कडेला रंगाचं बोट लागलं होतं. टेबलावर ठेवला, सही न करताच. म्हटलं, "नाय मेली. जित्याला हायत. मी नेते तुमाला."

मोठ्या धैर्यानं म्हटलं असं समजू नका. म्हणताना मला फक्त पुलावरची सायकल दिसत होती, जाताना पाठमोरी.

साहेब चपळ निघाले, कुणाला फोन करायला उसंतच दिली नाही. जीप काढली, मला आणि काळूदादाला बसवलं. शेठ तेव्हा घरी होते. म्हणाले, ही आमची जुनी, वडिलांच्या वेळेपासूनची. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी कुंपणात उतरले, एक उचललं आणि उलटं करून त्यांच्यासमोर धरलं. शेठच्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, हे खाली काय लिहिलंय?" त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. कासवाची चांदणी बाजू सगळे बघतात, बूड कोण बघतो?

साहेबांनी चष्मा वर केला. "कसलं अक्षर हे?"

"आमच्या घरच्यांचं."

"म्हणजे कुणाचं? नाव सांगा."

कारकून पेन उघडून बसला. काळूदादा खाली बघायला लागला. माझ्या तोंडात लग्नातला उखाणा आला, खरंच आला, पण सरकारी कागदावर उखाणा कुठे चालतो? मी कासव छातीशी धरलं आणि मोठ्यानं म्हटलं, "हिरामण बाबाजी घरत."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. चारचौघांत, परक्या माणसांसमोर, पुढेमागे काही न जोडता. कारकुनाला ऐकू आलं नाही, त्यानं परत विचारलं. मी परत घेतलं. दुसऱ्यांदा घेताना तर मला बरं वाटलं, हे कुणाला सांगू नका. आई म्हणते नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. म्हणून विचारते, तुम्ही बरे आहात ना?

सगळी कासवं नाहीत. जी होती ती जप्त झाली, त्यांना त्यांच्या कोरड्या मुलखात नेऊन सोडणार म्हणे. साहेबांना मी सांगितलं, गोणपाटात नेऊ नका. त्यांनी पेंढा मागितला, तो काळूदादानं दिला, पैसे न घेता, आणि गणपती भरतो तसं एकेक स्वतः भरलं. भरताना मला म्हणाला, "गप ऱ्हा म्हनालो व्हतो ना तुला?" आणि डोळे पुसले.

हैबतरावांचं काय होईल ते होईल. शेठना पकडून नेलं, पण दुसऱ्या दिवशी ते सुटून घरी होते, आणि हैबतरावांची बदली झाली म्हणतात, बढतीवर. निघताना जीपमधून मला म्हणाले, "वहिनी, गणपती चांगला केलात. नवरा मात्र घालवलात." फाइलीतून तुमची ऑर्डर काढली आणि माझ्यासमोर आडवी फाडली, मग उभी.

मला वाटलं होतं मी रडेन. तुकडे गोळा करावेसे वाटले एवढंच. त्यांच्यावर तुमचं नाव होतं ना.

तर तुम्ही दिवाळीला येत नाही. मी तुम्हाला येऊ दिलं नाही. मनाला आलं ते केलं, तुम्हीच सांगितलं होतंत. आता माझ्या मनाला जे येतंय ते मी कुठे ठेवू, तेही सांगा. सकाळी ओटीवर बसते, हातात काम नाही, आणि आठवण अशी येते की बसवत नाही. तुमचा हात हवा. आवाज हवा. तुमचं ते मुकाट बसणंसुद्धा हवं, ज्याच्यावर मी इतकी वर्षं चिडले.

इंदू


जोहे, २७ ऑक्टोबर १९९६

हिरामण,

मायन्यात लिहून बघितलं. आभाळ कोसळलं नाही.

काल पोस्टमन पार्सल घेऊन आला. फडक्यात गुंडाळलेलं, वर दोरी, दोरीला तुमची फॉरेस्टची गाठ. आईला वाटलं मध असेल. हाताला जड लागलं. उघडलं तर मातीचा गोळा, फुटू नये म्हणून सागाच्या पानांत बांधलेला. अजून ओल होती आत.

बरोबर कार्ड. "नदीकाठची आहे. वाळू थोडी आहे. चालेल का बघ." खाली काळजी नसावी लिहिलेलं नाही. पहिल्यांदाच.

पोस्टाचा शिक्का मी उजेडात धरून वाचला. माझा जबाब व्हायच्या आधीची तारीख. म्हणजे मी काय करणार ते मला कळायच्या आधीच तुम्ही नदीवर जाऊन माती खणत होता. आणि मला लिहिता, तुझ्या मनाला येईल ते कर! धन्य आहे तुमची.

मी पाणी घालून मळून बघितली. वाळू आहे खरी, पण चाळून घेतली की जाईल. चिकटपणा चांगला आहे. एक छोटं कासव केलं, सुकलं, चीर गेली नाही. बुडाखाली अक्षर टाकलंय, कुठलं ते विचारू नका.

आई रडली, मग अनारशांचे तांदूळ भिजवायला बसली. काळूदादा बल्लारशापर्यंत सोडायला येतोय. दिवाळीच्या आत आलापल्लीला पोचते.

घर बघून ठेवा. लहान चालेल, पण दार उगवतीला असू दे. आखणीला सकाळचा उजेड लागतो.

इंदू